रिकामं घर विक्रीला काढलंय: जुनी पॉलिसी, एंडोर्समेंट की वेगळा विमा?

सामान हललं, किल्ली एजंटकडे गेली आणि पॉलिसीची मुदत संपायला अजून बरेच महिने आहेत. विम्याचा विषय इथे मिटला असं वाटतं, पण मिटत नाही. नेहमीचा घरविमा घरात माणसं राहतात हे धरूनच दिलेला असतो. घर ठरावीक दिवस सलग रिकामं राहिलं (ही मर्यादा अनेक पॉलिसींत 30 किंवा 60 दिवसांची असते) की चोरी, तोडफोड, काचफूट, पाणीगळती यांपैकी काही जोखमी वगळल्या जातात. काही पॉलिसींत तर सगळंच संरक्षण थांबतं. हप्ता वेळेवर भरला होता, हे तेव्हा कामाला येत नाही.

त्यामुळे गप्प बसून जुनी पॉलिसी तशीच चालू ठेवणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय दिसतो आणि सगळ्यात महागात पडू शकतो. गिऱ्हाईक ठरलेलं आहे, मर्यादेच्या आत खरेदीखत होणार आहे, एवढ्या एकाच परिस्थितीत तो चालेल. तेव्हाही कंपनीला ईमेल करून ठेवा. परिस्थिती बदलल्याचं न कळवणं हे क्लेम नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतं.

दुसरा पर्याय, त्याच पॉलिसीवर घर रिकामं असल्याचं एंडोर्समेंट, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेला बदलाचा कागद, घेणं. विक्रीला दोन-चार महिने लागतील असं वाटत असेल तर माझा कल इकडेच. थोडा जादा हप्ता जातो, पण कंपनी तीच आणि मूळ अटीही बहुतांश त्याच राहतात. मात्र एंडोर्समेंटचा मजकूर वाचा. काही वेळा त्यात फक्त आग आणि वादळासारख्या जोखमी परत मिळतात, पाण्याचं नुकसान बाहेरच राहतं. बंद घरात तर तीच मोठी भीती असते. गळणारा नळ राहत्या घरात तासाभरात लक्षात येतो, रिकाम्या घरात पुढचं गिऱ्हाईक दार उघडेपर्यंत नाही. मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवा. बऱ्याच कंपन्या तशी अटच घालतात.

खास रिकाम्या घरासाठीची वेगळी पॉलिसी महाग असते, आणि महाग असूनही अनेकदा तोकडी असते. फक्त नाव घेऊन लिहिलेल्या जोखमीच भरून मिळतात, भरपाईतून घसारा (घर जुनं झाल्यामुळे घटलेली किंमत) कापला जाऊ शकतो, ठरावीक दिवसांनी पाहणी करून नोंद ठेवण्याची अट असते. तरी बाजार थंड आहे, घर जुनं आहे, वारसांमध्ये अजून एकमत नाही किंवा जुनी कंपनी एंडोर्समेंट द्यायला तयार नाही, तर हाच रस्ता उरतो. मुदत 3, 6 किंवा 12 महिन्यांची मिळते का ते विचारा. मुदतीआधी घर विकलं गेलं तर किती हप्ता परत मिळेल, हेही आधीच विचारा. काही पॉलिसींत किमान हप्ता कंपनी ठेवूनच घेते, मग स्वस्त वाटणारी 12 महिन्यांची पॉलिसी 3 महिन्यांच्या पॉलिसीपेक्षा महाग पडते.

थोडं फर्निचर ठेवून, नातेवाइकाला अधूनमधून झोपायला पाठवून घर "राहतं" दाखवण्याची युक्ती लोक सुचवतात. कोणी खरोखर राहायला येत असेल तर उत्तम, पण तसं कंपनीला कळवून. नुसता देखावा असेल तर विजेचं बिल सगळं सांगतं.

कोणताही पर्याय घेतलात तरी घर पाहायला आलेला माणूस जिन्यावरून घसरला तर त्याची जबाबदारी पॉलिसीत आहे का, ते तपासा. विक्रीच्या काळात येणारे-जाणारे वाढतात आणि नेमकं हेच कलम विसरलं जातं. विम्याची रक्कम मागितलेल्या किमतीवर ठरवू नका. जमीन जळत नाही, पुन्हा बांधायचा खर्च धरा. घरावर कर्ज असेल तर बँकेलाही कळवा. तारण मालमत्तेचा विमा बंद पडला तर बँक स्वतःच विमा काढून खर्च तुमच्या खात्यावर टाकू शकते, आणि त्यात मुख्यतः बँकेचंच हित जपलेलं असतं.

विसार हातात आला म्हणून पॉलिसी मात्र रद्द करू नका. करार ते मालकी बदलणं या काळात घर जळालं तर तोटा कोणाच्या माथी, हे करार आणि तिथला कायदा ठरवतो. खरेदीखत पूर्ण झाल्याचा कागद हाती आला की त्या तारखेपासून पॉलिसी रद्द करायचा अर्ज द्या.