आल्प्स, नॉर्वे की एड्रियाटिकचा किनारा? कॅम्परव्हॅनने निघणाऱ्या सातारा-सांगलीकरांसाठी

कॅम्परव्हॅन घेऊन तीन-चार देश फिरायचे ठरलं की आपल्याकडे चर्चा फोटोंवरून सुरू होते. कुणाला स्वित्झर्लंड हवा असतो, कुणाला मध्यरात्रीचा सूर्य, आणि कुणीतरी नुकतंच क्रोएशियाला जाऊन आलेलं असतं. फोटो सगळीकडचे सुंदरच येतात, त्यामुळे त्यांवरून काही ठरत नाही. आधी कॅलेंडर काढा. घरातली माणसं कधी मोकळी आहेत यावर निम्मा निकाल लागतो आणि रात्री गाडी कुठं उभी करायची यावर बराचसा उरलेला.

इथं मी तीन वाटा समोरासमोर ठेवतोय. पहिली आल्प्सची: म्युनिकला व्हॅन घ्यायची, ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनरचा घाट चढायचा, इटलीच्या डोलोमाइट्समध्ये उतरायचं आणि स्वित्झर्लंड करून परत म्युनिक. दुसरी उत्तरेची: कोपनहेगनहून ओरेसुंड पुलावरून स्वीडन आणि तिथून नॉर्वेचा पश्चिम किनारा. तिसरी एड्रियाटिकची: स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाहून सोचा नदीचं खोरं, क्रोएशियाचा किनारा आणि शेवटी मॉन्टेनेग्रोतली कोटोरची खाडी. स्वतःच्या गाडीने नेपाळ हा चौथा पर्याय शेवटी घेतो.

सुट्टी कधीची?

शाळेतली मुलं असतील तर मे ते जूनचा मध्य एवढीच मोठी सुट्टी. नेमक्या त्याच वेळी आल्प्समधल्या उंच खिंडींवर बर्फ असतो. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो, पण २,७५७ मीटरवरचा स्टेल्व्हिओ मेअखेर किंवा जूनमध्ये आणि स्वित्झर्लंडमधले फुर्का, सुस्टेन बहुधा जूनमध्ये. म्हणजे मे महिन्यात आल्प्सला गेलात तर ज्या रस्त्यांसाठी व्हॅन घेतली तेच बंद, आणि तुम्ही दरीतल्या हमरस्त्यावरून बोगद्यांतून जाताय. त्यापेक्षा मे महिन्यात एड्रियाटिकचा किनारा कितीतरी चांगला. ऊन आपल्याला सोसेल असं, गर्दी अजून सुरू झालेली नाही आणि कॅम्पसाईटचे दरही जुलै-ऑगस्टपेक्षा कमी. समुद्राचं पाणी मात्र गार असतं, मुलांना तेवढं आधी सांगून ठेवा.

नॉर्वेची गंमत वेगळी. लोफोटेन बेटांवर साधारण मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा शाळेच्या सुट्टीत अगदी बसतो. अडचण अंतराची आहे. ओस्लोहून बोडोपर्यंतच बाराशे किलोमीटरच्या आसपास, मग फेरीबोट. गावाबाहेर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटर, आणि वळणांमुळे तेवढीही गाठता येत नाही. दोन आठवडेच असतील तर लोफोटेनचा मोह सोडा आणि बर्गन ते गेइरांगर एवढाच पट्टा घ्या.

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्यांचं कॅलेंडर याहून निराळं. एप्रिलची खरड छाटणी उरकून काड्या तयार होईपर्यंत बाग सोडता येत नाही आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी येते. मोकळीक मिळते ती ऑगस्टमध्ये. त्यांनी क्रोएशियाचा विचारही करू नये: ऑगस्टमध्ये तो किनारा तापलेला, भरलेला आणि महाग असतो. आल्प्सच्या सगळ्या खिंडी तेव्हा उघड्या असतात, फक्त १५ ऑगस्टच्या आठवड्यात इटलीत अख्खा देश सुट्टीवर निघतो, तो टाळा. नॉर्वेही तेव्हा उत्तम. मध्यरात्रीचा सूर्य संपलेला असतो, पण संध्याकाळ लांबच लांब चालते.

दिवाळीच्या सुट्टीत यांतलं काहीच जमत नाही. तेव्हा नेपाळ.

व्हिसा आणि सीमा

आल्प्स आणि उत्तरेची वाट, दोन्ही पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. एक व्हिसा, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, प्रौढांना फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. म्हणून आखणी आधी, अर्ज नंतर. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात हे ज्यांनी मार्चमध्ये प्रयत्न केलाय त्यांना ठाऊक आहे.

तिसऱ्या वाटेत एक खाच आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, युरोही त्याच दिवशी आला. पण बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो बाहेर आहेत. सिंगल एंट्री व्हिसावर कोटोरला गेलात की परत क्रोएशियात येता येणार नाही, आणि व्हॅन तर ल्युब्लियानाला परत करायची आहे. अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि ती मिळाली नाही तर डुब्रोव्निकलाच मागे वळा. पूर्वी स्प्लिटहून डुब्रोव्निकला जातानाही बोस्नियाची किनाऱ्यावरची छोटी पट्टी ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाला आणि ती कटकट संपली. शिवाय व्हॅन शेंगेनबाहेर नेण्याची भाडेकंपनीची लेखी परवानगी लागते. काही कंपन्या देतच नाहीत, तेव्हा बुकिंगआधी विचारा.

परवान्याचं मात्र सगळीकडे सारखंच. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, मुदत एक वर्ष. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. सहा जणांचं मोठं मोटरहोम पाहून भुलू नका, एकूण वजन बघा.

घाट

आपली माणसं इथं जरा जास्त आत्मविश्वासाने बोलतात. पसरणी रोज चढतो, आंबेनळी पावसाळ्यात उतरलोय, आल्प्सचं काय घेऊन बसलात! घाटाची सवय उपयोगी पडते हे खरं, उतारावर गिअरमध्ये गाडी ठेवायची हे शिकवावं लागत नाही. अडचण दुसरीच येते. स्टिअरिंग डावीकडे असतं आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. आयुष्यभर उजवीकडे बसून चालवलेल्याचा अंदाज चुकतो आणि गाडी नकळत उजव्या कडेकडे सरकत राहते. सहा मीटर लांब, दोन मीटरहून रुंद व्हॅनमध्ये हे शेजारी बसलेल्या माणसाला आधी कळतं, कारण दरी त्याच्या बाजूला असते. पहिले दोन दिवस सपाटीचे ठेवा.

आल्प्सच्या वाटेवर ग्रोसग्लॉकनर सर्वांत सोपा. ४८ किलोमीटर, ३६ हेअरपिन वळणं, पण १९३५ साली पर्यटकांसाठीच बांधून काढलेला रुंद रस्ता. त्याचा टोल वेगळा आणि भरभक्कम आहे, ऑस्ट्रियाच्या हमरस्त्याच्या विन्येटमध्ये (ठरावीक मुदतीसाठी आगाऊ घ्यायच्या टोल-पासात) तो धरलेला नाही. डोलोमाइट्समधले पोर्डोई, गार्डेना मध्यम. स्टेल्व्हिओ मात्र व्हॅनने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका बाजूला ४८ वळणं, त्यातली कित्येक इतकी आखूड की समोरून सायकलवाले आणि मोटरसायकलींचा जथा आला की मागे घेण्यावाचून गत्यंतर नसतं. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या बिगुलाची पाटी असलेल्या रस्त्यांवर पिवळ्या पोस्टबसला अग्रक्रम असतो. तिचा तीन सुरांचा हॉर्न वळणापलीकडून ऐकू आला की बाजू देऊन थांबायचं.

स्लोव्हेनियाचा व्हर्शिच घाट १,६११ मीटरचा, म्हणजे बुटका, पण ५० वळणं आणि प्रत्येकाला नंबर. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून तो बांधून घेतला. अरुंद आहे, तरी लहान व्हॅन जाते. क्रोएशियाचा किनारी रस्ता त्यापुढे आरामाचा.

नॉर्वेत चढापेक्षा बोगदे आणि फेरीबोटी जास्त. लेर्दालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा आहे. चालकाला झोप येऊ नये म्हणून मध्ये निळ्या प्रकाशाच्या तीन गुहा केल्या आहेत. खंबाटकीचा बोगदा संपला की आपण हुश्श करतो, इथं तेवढ्यात सुरुवातही झालेली नसते. अटलांटिक रोड जेमतेम आठ किलोमीटरचा आणि आठ पुलांचा. तो बघायला एक संध्याकाळ पुरते, त्यासाठी वाट वाकडी करायची का ते ठरवा. वाटेवर असेल तरच, असं मी म्हणेन.

रात्र कुठं काढायची

व्हॅन घ्यायचं कारणच हे की हवं तिथं थांबता यावं. ते खरं ठरतं फक्त नॉर्वेत, आणि तेही मर्यादेत. तिथं मोकळ्या रानात कुणालाही वावरण्याचा, तंबू ठोकण्याचा हक्क १९५७ च्या कायद्याने दिला आहे. वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब राहायचं. पण हा हक्क माणसाचा आहे, गाडी रानात घालण्याचा नाही. व्हॅन रस्त्याकडेच्या थांब्यावर, पाटीने मनाई नसेल तिथं उभी करायची. लोफोटेनमध्ये अशा पाट्या आता जागोजागी आहेत.

स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात कॅम्पसाईटबाहेर मुक्काम बेकायदेशीर, दंड होतो. जर्मनीत थकवा घालवायला एक रात्र चालते, शिवाय गावोगावी व्हॅनसाठी स्वस्त तळ असतात. इटलीत गाडी उभी करून आत झोपायला हरकत नसते, पण खुर्ची बाहेर काढली की तो कॅम्प ठरतो. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये बंदी, स्वित्झर्लंडमध्ये गावागणिक नियम. थोडक्यात आल्प्स आणि एड्रियाटिक, दोन्हीकडे रोजचं कॅम्पसाईटचं भाडं हिशेबात धराच. साधारण ३० ते ६० युरो, हंगामात त्याहून जास्त.

खर्च

व्हॅनचं भाडं हंगामात दिवसाला १०० ते २०० युरो, ऑटोमॅटिक हवी तर वर. क्रेडिट कार्डावर हजार-दोन हजार युरो अडकून राहतात आणि डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. डिझेल लिटरला नऊ-दहा किलोमीटर. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड यांचं डिझेल व किराणा महाग, स्लोव्हेनिया सर्वांत हलका.

टोलची तऱ्हा वेगळी. जर्मनीत टोल नाही. स्वित्झर्लंडमध्ये हमरस्त्यांसाठी वर्षाचं ४० फ्रँकचं विन्येट, दोन दिवस वापरा नाहीतर दोनशे दिवस. इटली आणि क्रोएशियात आपल्यासारखा अंतरावर. नॉर्वेत कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल भाडेकंपनीमार्फत महिन्याभराने येतं. इटलीत जुन्या गावांच्या वेशीवरच्या प्रवेशबंदीचंही तसंच: आत शिरल्याचं कळतं ते घरी पोहोचल्यावर, दंड आणि त्यावर कंपनीची हाताळणी फी.

डबा

स्वतः शिजवलं तर नॉर्वेसुद्धा झेपतो, बाहेर जेवलात तर आल्प्सही नाही. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, डाळी, सांगलीचं भडंग घेऊन जा. पण साताऱ्याचे कंदी पेढे घरीच ठेवा, आणि तुपाची बरणीही. युरोपीय संघात बाहेरून दूध व मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडही त्याबाबत तितकेच कडक. फोडणी व्हॅनच्या आत देऊ नका. गाद्यांना बसलेला हिंग-मोहरीचा वास स्वच्छतेच्या बिलात निघतो. कॅम्पसाईटवर बाहेर गॅस लावायला सहसा कुणी अडवत नाही.

आणि नेपाळ

परदेश हवा, पण आपलीच गाडी हवी, आणि सुट्टी दिवाळीची, तर हाच पर्याय. पाऊस संपलेला, हिमशिखरं स्वच्छ, स्टिअरिंग सवयीच्या बाजूला. व्हिसा नाही. सीमेवर गाडीचा भन्सार (नेपाळचं सीमाशुल्क) भरायचा, रोजच्या हिशेबाने. भारतीय खासगी गाडीला वर्षाला ३० दिवसांची मुभा. साताऱ्याहून सीमेवरचं सुनौली गाठायलाच तीन दिवस जातात, हे विसरू नका. स्वतःच्या गाडीचं कॅम्परमध्ये रूपांतर केलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. नाहीतर विम्यापासून सीमेपर्यंत सगळीकडे उत्तरं देत बसावं लागेल. पुढे भूतान जोडायचं तर भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. चौघांच्या कुटुंबाला ते पटकन चढतं.

माझा कौल

एकच चालक, पहिलीच खेप, मुलं बरोबर आणि मे महिना असेल तर एड्रियाटिक, आणि मल्टिपल एंट्री मिळाली तरच कोटोर. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मोकळे असणाऱ्या दोघा-चौघा मोठ्यांनी आल्प्स करावा, स्टेल्व्हिओ वगळून. नॉर्वे दोन चालक आणि तीन आठवडे असतील तरच. घाईत केलेला नॉर्वे म्हणजे महागडं ड्रायव्हिंग. तीन वाटांत मला आवडते ती आल्प्सची, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ती सुचवत नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत व्हॅनचं रद्द करता येणारं बुकिंगच घ्या, दोन-तीनशे युरो जास्त पडले तरी. आणि विम्यात छप्पर, टायर, काच धरलेली आहे का ते विचारा. बऱ्याच करारांत ती वगळलेली असतात, आणि पावणेतीन मीटर उंचीची व्हॅन पहिल्यांदा आपटते ती छतालाच.