कामांची यादी: फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चालेल असं ॲप कसं निवडाल?

कामांच्या नोंदीसाठी ॲप शोधताना बहुतेक जण आधी फीचर्स मोजतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की फोनवर टिपलेलं कॉम्प्युटरवर बिनचूक उतरतं का आणि उद्या ते ॲपच बंद झालं तर आपल्या नोंदी बाहेर काढता येतात का. दुसरी शंका उगाच नाही. वंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं.

दोन्ही यंत्रांकडून एकाच कामाची अपेक्षा करू नका. फोन पटकन टिपायला आणि वेळेवर आठवण द्यायला. आठवड्याची आखणी, जुन्या नोंदींची साफसफाई, मोठं काम तोडून छोटे टप्पे पाडणं, हे मोठ्या स्क्रीनवर आणि कीबोर्डवरच नीट होतं. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलट या तळहातावर मावणाऱ्या छोट्या यंत्राने ही वाटणी अचूक ओळखली होती. खाली चार बटणं: कॅलेंडर, पत्ते, कामं, टिपणं. लांबलचक मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करायचा, पाम स्टँडवर ठेवून एक बटण दाबायचं, की दोन्हीकडच्या नोंदी जुळायच्या.

आता आजच्या पर्यायांकडे. गुगल टास्क्स सर्वांत सोपं. कॉम्प्युटरवर जीमेल आणि कॅलेंडरच्या उजव्या पट्टीतच असतं, आलेल्या मेलचं थेट काम करून ठेवता येतं. पण कामं गटवार लावायला लेबलं नाहीत. कामं शंभराच्या पुढे गेली की ते तोकडं पडतं. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये याद्या घरच्यांशी किंवा सहकाऱ्यांशी शेअर करता येतात, आउटलुकची कामंही तिथे दिसतात. त्यातली 'माय डे' ही आजच्या कामांची यादी रोज रात्री रिकामी होते आणि सकाळी आज काय करायचं ते पुन्हा निवडावं लागतं. मला ही सवय फार आवडते, कारण कालचं ओझं आपोआप आजच्या डोक्यावर येत नाही.

टोडूइस्टची खरी ताकद पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांत दिसते. समजा, पाण्याचा फिल्टर दर तीन महिन्यांनी बदलायचा आहे आणि यंदा पंधरा दिवस उशीर झाला. पुढची तारीख मूळ वेळापत्रकावरून धरायची की प्रत्यक्ष बदललात त्या दिवसापासून? टोडूइस्टमध्ये 'एव्हरी' (म्हणजे 'दर') या शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की काम पुरं केल्याच्या दिवसापासून मोजणी होते. विम्याच्या हप्त्याला पहिली पद्धत हवी, फिल्टरला दुसरी. ही सोय नसेल तर तारखा हाताने सरकवत बसावं लागतं. अडचण एकच: कामाचं नाव मराठीत लिहिता येतं, पण वाक्यातून तारीख ओळखायची तर ती इंग्रजीत लिहावी लागते.

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधलं नोंदी ठेवण्याचं साधन, ऑर्ग-मोड, तेही हा फरक जाणतं, शिवाय सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतं. ती फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल, म्हणून नोंदी अडकण्याची भीती जवळजवळ नाही. अँड्रॉइडवर त्यासाठी ऑर्गझ्ली हे ॲप आहे. मात्र शिकायला वेळ लागतो आणि सिंकची, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवण्याची, व्यवस्था स्वतःच लावावी लागते. मधला मार्ग म्हणजे कॅलडॅव्ह, कॅलेंडर आणि कामं सर्व्हरवर ठेवून वेगवेगळ्या ॲप्सना जोडायची सर्वमान्य पद्धत: कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम, अँड्रॉइडवर टास्क्स डॉट ऑर्ग, दोन्ही एकाच सर्व्हरला जोडलेले. एक ॲप नकोसं झालं तरी नोंदी सर्व्हरवर जागच्या जागी राहतात.

थोडक्यात, मेलवरच दिवस जात असेल तर गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट. ठरावीक काळाने येणारी कामं भरपूर असतील तर टोडूइस्ट. नोंदी वर्षानुवर्षं जपायच्या असतील तर ऑर्ग-मोड किंवा कॅलडॅव्ह.

पक्कं करण्याआधी तीन गोष्टी करून बघा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून एक काम लिहा, त्याच वेळी कॉम्प्युटरवर दुसरं बदला, मग इंटरनेट जोडून दोन्ही शाबूत आहेत का पाहा. दर महिन्याच्या ३१ तारखेचं काम टाका. कॅलेंडरच्या प्रचलित आयकॅलेंडर मानकानुसार ३१ तारीख नसलेले महिने सरळ वगळले जातात, म्हणजे ते काम वर्षात सातच वेळा येईल. 'महिन्याचा शेवटचा दिवस' असा पर्याय मिळतो का, ते शोधा. आणि आठवण वाजली नाही तर ॲपला नावं ठेवण्याआधी फोनची बॅटरी-बचत तपासा. शिवाय अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बऱ्याच ॲप्सना ठरल्या मिनिटाला अलार्म वाजवण्याची परवानगी आपणहून मिळत नाही, ती सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते.