पोलीस डॉट यूकेचा क्राइम मॅप: चांगलाय, पण नुसता घरी बसून बघितलात तर अर्धाच उपयोग

इंग्लंडमधे नवीन आलेल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न, "हा एरिया सेफ आहे का हो?" आणि त्याला मिळणारी उत्तरं सगळी ऐकीव. कुणाच्या चुलतभावाची गाडी फुटली होती, कुणाला तिथे रात्री बरं वाटलं नाही, झालं, एरिया बदनाम. म्हणून म्हटलं ज्या साइटवर खरा डेटा फुकट आहे तिच्याबद्दल एकदा नीट लिहूया, कारण बऱ्याच जणांना ती माहीतच नाही आणि ज्यांना माहितीये ते ती चुकीची वाचतात.

पोलीस डॉट यूके, म्हणजे पोलिसांची सरकारी साइट. तिच्यावरचा, कुठल्या रस्त्यावर काय गुन्हे झाले ते दाखवणारा हा मॅप २०११ च्या सुरुवातीला सगळ्यांसाठी खुला केला आणि पहिल्याच दिवशी लोकांनी इतकी गर्दी केली की साइट झोपली. आता नीट चालते. पोस्टकोड टाकायचा, लॉगिन वगैरे काही नाही, महिन्याचे गुन्हे मॅपवर येतात, घरफोडी, सायकलचोरी, गाड्यांचे गुन्हे, दुकानातल्या चोऱ्या, मारामारी असं प्रकारानुसार वेगळं करून बघता येतं. इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंड आहे, स्कॉटलंडवाल्यांना याचा फारसा उपयोग नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅपवरचा ठिपका म्हणजे गुन्हा झालेलं घर नाही! ज्याच्याकडे चोरी झाली त्याचा पत्ता उघड होऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा जवळच्या एका ठरलेल्या पॉइंटवर नेऊन ठेवतात, आणि तो पॉइंट असा निवडलेला असतो की त्याच्या हद्दीत कमीत कमी आठ पत्ते तरी असावेत नाहीतर एकही नसावा. म्हणून ठिपक्यावर क्लिक केलं की "ऑन ऑर निअर पार्किंग एरिया" किंवा "ऑन ऑर निअर सुपरमार्केट" असलं काहीतरी दिसतं. तुमच्या आवडलेल्या फ्लॅटवर मोठा आकडा दिसला म्हणून घर सोडू नका, आधी झूम करून प्रकार बघा, खूपदा तो आकडा म्हणजे समोरच्या सुपरमार्केटमधल्या चोऱ्या असतात आणि त्यांचा तुमच्या दाराच्या कुलपाशी काही संबंध नसतो. प्रायव्हसीसाठी केलंय ते बरोबरच आहे, मला अजिबात तक्रार नाही, फक्त हे साइटवर अजून ठळक लिहायला हवं.

तक्रार आहे ती वेळेबद्दल. मॅपवर फक्त महिना कळतो. वार नाही, तास नाही, सकाळ की रात्र तेही नाही. आणि डेटा येतो तोही एकदोन महिने उशिरा. हे किती नडतं ते घरफोडीच्या बाबतीत कळतं, कारण एका घरात चोरी झाली की पुढचे काही आठवडे त्याच घराला आणि शेजारच्या घरांना धोका वाढतो, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात याच गोष्टीवर काम झालं होतं. तिथे आधी नुसती गस्त न वाढवता चोरी झालेल्यांशी, शेजाऱ्यांशी आणि चक्क पकडलेल्या घरफोड्यांशी बोलून माहिती गोळा केली, तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच चोऱ्या गॅस-विजेच्या नाणी टाकायच्या मीटरमधल्या रोख पैशांसाठी होतायत, मग ते मीटर काढून टाकले आणि चोरी झालेल्या घराभोवतीच्या साधारण सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. अख्ख्या वसाहतीवर पहारा नाही, फक्त त्या घराला शेजाऱ्यांचं कोंदण. घरफोड्या प्रचंड कमी झाल्या. माहिती गोळा कशी करायची आणि लोकांना कामाला कसं लावायचं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण दोन महिने जुन्या मॅपवर हे कसं करणार? तो काळ तर निघून गेलेला असतो. ताज्या खबरेसाठी नेबरहूड वॉचचा, म्हणजे एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवणाऱ्या शेजाऱ्यांचा ग्रुपच लागतो, मॅप नाही.

मग मॅप कशासाठी? वर्षाचा पॅटर्न बघण्यासाठी. याच्या जोडीची डेटा डॉट पोलीस डॉट यूके म्हणून दुसरी साइट आहे, तिथून डिसेंबर २०१० पासूनचा सगळा डेटा सीएसव्हीमधे डाउनलोड करता येतो, एक्सेलमधे उघडा, पिव्हट मारा (म्हणजे महिना, प्रकार यांनुसार बेरजा लावा), काम झालं.

आणि माझ्या मते खरी किंमत आहे ती साइटवरच्या ज्या पानाकडे कुणी बघत नाही त्याची. पोस्टकोड टाकला की तुमच्या भागाची पोलीस टीम, त्यांनी सध्या हातात घेतलेले प्रश्न आणि पुढची मीटिंग कधी, कुठे हे दिसतं. मी आमच्या भागाच्या मीटिंगला गेले तेव्हा वर्षभराच्या चोऱ्यांचा एक कागद प्रिंट करून नेला होता. हॉलमधे सगळ्यांचा राग होता पार्कात संध्याकाळी बसणाऱ्या पोरांवर, अर्धा वेळ त्यातच गेला. कागदावर मात्र पार्काजवळ जवळपास काहीच नव्हतं, सायकलचोऱ्या सगळ्या एका पार्किंगच्या पॉइंटवर साचलेल्या. मी कागद पुढे सरकवला तर मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, अहो तिथला दिवा गेलाय कधीचा, आणि सायकली कुंपणाच्या तारेला बांधतात लोक, स्टँड कुठाय तिथे? पीसीएसओने (पोलिसांना मदत करणारा गणवेशातला कर्मचारी) तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी तो विषय कौन्सिलच्या माणसासमोर निघाला. बघा, कुठे होतंय ते डेटाने सांगितलं, का होतंय ते आजींनी, आणि दोघं एका खोलीत आले नसते तर दोन्ही वाया गेलं असतं. काही भागांची पानं मात्र महिनोन् महिने कुणी अपडेट करत नाही, मीटिंगच्या जागी कोरं. तसं असेल तर टीमला ईमेल करून विचारा, लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

प्रत्येक गुन्ह्याचं पुढे काय झालं तेही दिसतं, ही पारदर्शकता मला मनापासून आवडते. पण वाचून जीव खट्टू होतो, कारण खाली खाली जाल तसं तेच वाक्य, "इन्व्हेस्टिगेशन कम्प्लीट, नो सस्पेक्ट आयडेंटिफाइड", म्हणजे तपास संपला, संशयित सापडला नाही, सायकलचोरीत तर बहुतेक हेच. आणि अँटी-सोशल बिहेवियरच्या (दंगा, इतरांना त्रास वगैरे) नोंदींना पुढचा निकाल नसतोच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मॅप रिकामा म्हणजे एरिया शांत असं समजू नका. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांचा गुन्ह्यांचा डेटा जुलै २०१९ पासून आयटी सिस्टिम बदलल्यामुळे यायचाच बंद झाला होता, तेवढा मोठा तुकडा कोरा. दुसरं म्हणजे जिथे लोक न घाबरता फिर्याद देतात तिथे ठिपके जास्त दिसणार आणि जिथे "जाऊ दे, काय होणारे" म्हणून गप्प बसतात तो भाग मॅपवर उगाच छान दिसणार. आपल्या लोकांमधे हे गप्प बसणं फार आहे, भाषा, व्हिसाची भीती, कशाला लफडं. घराच्या किमती पडतील म्हणून रिपोर्ट करू नका असं सांगणारेही भेटलेत मला, त्यांचं अजिबात ऐकू नका, १०१ ला फोन करा नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरा, आणि जीवावरचं असेल तर सरळ ९९९. नोंदच नसेल तर टीम तिकडे येणार कशाच्या जोरावर?

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. डेटा खुला ठेवलाय त्याचे पूर्ण मार्क, उशिराचा एक कापला आणि वेळ न देण्याचा अर्धा. नेमका तास नका देऊ पण सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र एवढं जरी टाकलं तरी मी लगेच मार्क वाढवीन. घर भाड्याने घेणाऱ्यांनी एका महिन्यावर न जाता निदान वर्षभराचे आकडे बघा, आणि राहायला गेल्यावर पहिल्या मीटिंगची तारीख फोनमधे टाकून ठेवा.