तीन महिन्यांचं पॅकेज की एका वेळी एक सवय?

रक्ताचे रिपोर्ट मनासारखे आले नाहीत की ओळखीपाळखीतून दोन सल्ले मिळतात. डाएट चार्ट, जिम, ट्रेनर असं एकत्र पॅकेज घेऊन टाक, हा पहिला. घाई करू नकोस, एकेक गोष्ट बदलत जा, हा दुसरा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. प्रत्येकाचं घर आणि शरीर वेगळं असतं, हे धरूनच पुढचं वाचा.

पॅकेजमध्ये रोज विचारणारं माणूस असतं, ही मोठी गोष्ट आहे. पैसे भरलेले असतात, त्यामुळे कंटाळा आला तरी पाय जिमकडे वळतात. सुरुवातीच्या आठवड्यांत वजनकाटा हलतो आणि उमेद येते. हळूहळूच्या वाटेवर बराच काळ काही दिसतच नाही, आणि तिथेच अनेकांचा धीर सुटतो.

माझं अडलं ते स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. आमच्याकडे सकाळी डब्यांची घाई. एका शेगडीवर कूकर, दुसरीवर पोळ्यांचा तवा. त्यात माझ्या वाफवलेल्या भाज्या आणि मोजून घेतलेलं पनीर. आई तवा उतरवून माझं भांडं चढवायची, ते झालं की परत तवा. तिने कधी कुरकुर केली नाही. पण सगळ्यांच्या पानात मटकीची उसळ आणि माझ्यापुढे वेगळा वाडगा, हे मला रोज बघवेना. सणावाराला तर पंगतीत बसायचं की चार्ट पाळायचा, हाच प्रश्न. तीन महिने हे निभतं. पुढे कोण दोन-दोन स्वयंपाक करणार?

दुसऱ्या वाटेवर स्वयंपाक तोच राहिला, वाढणं बदललं. ताटात डावीकडे चमचाभर असायची ती कोशिंबीर वाटीभर झाली. उसळ दोनदा, भात शेवटी आणि थोडा. ते अंगवळणी पडल्यावर रात्रीच्या पोळ्यांच्या जागी ज्वारीची भाकरी आली, मग चहातली साखर उतरत गेली. मिठाचं तर सगळ्या घराचं भलं झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. लोणच्याची बरणी टेबलावरून कपाटात गेली, तेव्हा बीपीची गोळी घेणाऱ्या वडिलांच्या ताटातलंही मीठ कमी झालं. माझ्या एकट्याच्या चार्टने हे कधी झालं नसतं.

सवय लागायला किती दिवस लागतात, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१० सालचा एक अभ्यास मला फार उपयोगी वाटला. त्यात प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच सवय निवडली होती. ती आपोआप घडू लागायला लागणाऱ्या काळाचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा, ६६ दिवसांचा होता, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे तीन महिन्यांचं पॅकेज संपतं तेव्हा काहींची निम्मी वाटही झालेली नसते. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

व्यायामात मात्र पॅकेजचं पारडं थोडं जड आहे, विशेषतः वजनं उचलण्यात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे अंगाने बारीक दिसणाऱ्यालाही स्नायू कमावायला हवेत, असा त्याचा अर्थ मी घेतो. नुसती टेकडी चढून ते पुरेसं होत नाही. मी पुण्यातली तळजाईची टेकडी धरली, कारण सकाळी झाडांत चालल्यावर दिवसभर डोकं शांत राहतं, आणि आठवड्यातून दोनदा घरी उठाबशा, जोर आणि दोन डंबेल्स. पावसाळ्यात पायवाटा निसरड्या होतात, तेव्हा जिम बरी, हे मान्य.

ताणाच्या बाबतीत पॅकेजमध्ये एक ध्यानाचं अ‍ॅप मिळालं होतं. मला जास्त गुण आला तो रात्री फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावून झोपण्याने. पहिले काही दिवस हात उशाशी चाचपायचा.

डॉक्टरांनी मुदत घालून वजन उतरवायला सांगितलं असेल, किंवा तुम्ही एकटे राहून स्वतःपुरतं शिजवत असाल, तर पॅकेज जरूर घ्या. फक्त पैसे भरण्याआधी चार्ट घरच्या भाजी-आमटीवर बसवून देणार का, ते विचारा. घरात चारचौघांचं एकत्र जेवण असेल, तर मी तरी कोशिंबिरीपासून सुरू करा म्हणेन, आणि ती रुळेपर्यंत दुसरं काही हाती घेऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच ठेवून खाणं घटवलं तर साखर एकदम खाली येऊ शकते.