ओल काढलेल्या भिंतीवर फिटिंग: सांगलीतील एका कारागिराचे काम

कृष्णेच्या महापुराचे पाणी २०१९ आणि पुन्हा २०२१ मध्ये ज्या घरांत शिरले, त्यांपैकी आमचे एक. तळमजल्याच्या भिंतींना आतून जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटी वॉटरप्रूफिंगचा लेप दिलेला आहे. त्यामुळे टीव्ही आणि स्वयंपाकघरातील फळ्या बसवण्यासाठी गावभागातील ज्या कारागिराला बोलावले, त्याने ड्रिल काढण्याआधी लेप कुठवर आहे हे विचारले, तेव्हाच समाधान वाटले.

त्याचा पहिला सल्ला लेपात भोक न पाडण्याचा होता. टीव्हीचा ब्रॅकेट त्याने लेपाच्या रेषेच्या वर घेतला, म्हणजे तिथे प्रश्नच उरला नाही. खालची फळी मात्र लेपातूनच जाणार होती. लेप तडकू नये म्हणून त्याने ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून, बिटला किती खोल जायचे त्या खुणेची चिकटपट्टी गुंडाळून, सावकाश भोके पाडली. भुकटी ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढली, कारण धुळीवर कोणतेही सीलंट धरत नाही. मग प्रत्येक भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरून त्यातच प्लॅस्टिकची गिट्टी दाबली, बाहेर आलेला सीलंट कडेने पसरवला आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आवळले. हे सीलंट हवेतील ओलाव्यानेच घट्ट होते, म्हणून अशा भिंतीला ते योग्य आहे. याउलट लाकडी खुंटी ओल शोषून फुगते आणि नंतर कुजते, पीओपी ओलीने भुसभुशीत होते आणि साधा लोखंडी स्क्रू भिंतीतल्या क्षारांनी गंजतो; तरीही आपल्याकडे सर्रास हेच वापरले जाते. गिझरसारखे जड सामान असेल, तर पोकळ किंवा ठिसूळ विटेत जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात रसायन भरून त्यात बोल्ट चिकटवणे) करावा, असेही तो म्हणाला, आणि ते बरोबरच आहे.

दर नेहमीच्या फिटिंगपेक्षा जास्त आहे, पण सीलंट आणि स्टीलचे स्क्रू त्यातच येतात. उणीव म्हणावी तर कामाची पावती मागूनही मिळाली नाही, आणि करड्या सीलंटचे डाग रंगावर दिसतात. रंग देण्यापूर्वीच त्याला बोलावलेले बरे. ज्यांच्या भिंतीत पायाजवळ रसायन टोचून ओल अडवलेली आहे, त्यांनी ती रेषा त्याला आधी दाखवावी, कारण स्कर्टिंगचे खिळे आणि वायरीच्या क्लिपा नेमक्या तिथेच ठोकल्या जातात.