क्वीन्सलँडर घर उचलून खाली खोल्या काढल्या: 14 महिन्यांनंतर

ब्रिस्बेनच्या ॲनर्ली भागातलं आमचं घर 1920च्या दशकातलं. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, पुढे व्हरांडा, सगळं खांबांवर उभं. अशा घराला इथे क्वीन्सलँडर म्हणतात. इथल्या जुन्या वस्त्यांत 1946 पर्यंतची घरं सहसा पाडू देत नाहीत, म्हणून जागा हवी असेल तर लोक घरच वर उचलतात आणि खाली खोल्या बांधतात. आम्हीही तेच केलं. जॅक लावून, खाली ओंडके आडवे-उभे रचत घर इंचाइंचानं चढलं. नंतर वरची तीन दारं चौकटीत अडकायला लागली, ती रंधून घ्यावी लागली. बाकी काही बिघडलं नाही.

राहत्या खोलीची उंची नियमानं किमान 2.4 मीटर लागते. आमच्या ठेकेदारानं नेमकी तेवढीच धरली. पंखा लावल्यावर खोली फारच बुटकी वाटते. तुम्ही 2.7 मागा. जॅक लागलेले असतानाच ते जमतं, नंतर नाही.

खरी चूक मात्र आवाजाची. वरच्या फळ्या आणि खालचं छत यांच्यामध्ये आम्ही काहीच भरलं नव्हतं. आई-बाबा नागपूरहून चार महिने आले, आईचे गुडघे दुखतात म्हणून खालीच राहिले. सकाळी सहाला मुलगी वर धावली की बाबा दचकून उठायचे. शेवटी छत उतरवलं, आवाज शोषणारी लोकर भरली, रबरी क्लिपांवर नवं छत टांगलं. दुप्पट खर्च झाला, पण बाबांना झोप लागली.

वाळवीचंही लक्षात ठेवा. जुन्या खांबांच्या डोक्यावर पत्र्याच्या टोप्या असतात. वाळवीला वर जायला त्यांना वळसा घालावा लागतो आणि तिची मातीची वाट उघडी पडते. खाली भिंती घातल्या की ती वाट दिसेनाशी होते. आम्ही दर वर्षी तपासणी करून घेतो.

नदीकाठी सखल जागा असेल तर खाली खोल्या काढू नका, कळकळीनं सांगतो. 2011 आणि 2022 च्या पुरात लोकांचे खालचे मजले पाण्यात गेले. आमचं घर चढावर आहे म्हणून धाडस केलं.

जानेवारीत वर पत्रा तापतो, तेव्हा खाली काँक्रीटवर अनवाणी बसायला फार बरं वाटतं. पण फेब्रुवारीत कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी आली, कारण पूर्वी खालून आरपार जाणारा वारा आम्हीच अडवला होता. नशिबानं पूर्वेकडची एक तृतीयांश जागा बायकोनं हट्टानं मोकळी ठेवली, फक्त लाकडी पट्ट्या मारून. पावसात कपडे तिथेच वाळतात, आणि आईनं चारही महिने दुपारचा चहा तिथेच घेतला.