धपाट्याला बिडाचा, भाकरीला लोखंडी: नॉनस्टिकऐवजी कोणता तवा?

नॉनस्टिकचा टवका पोटात गेला तर फारसं बिघडत नाही. त्याचा थर म्हणजे टेफ्लॉन, ते पचत नाही, तसंच बाहेर पडतं. खरी अडचण आचेची. २६० अंश सेल्सिअसच्या वर हा थर खराब होऊ लागतो. आणखी तापला की निघणाऱ्या वाफांनी माणसाला कणकण येते, पिंजऱ्यातला पोपट तर मरूही शकतो. मोठ्या बर्नरवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर जातो. ज्वारीची भाकरी मात्र कडक तापलेल्या कोरड्या तव्यावरच टाकायची असते. मग जमायचं कसं?

‘पीएफओए-फ्री’च्या स्टिकरला भुलू नका. हे रसायन थर बनवताना वापरत, २०२३ मध्ये ते कर्करोगकारक ठरलं. ते नसलं तरी थर टेफ्लॉनचाच, आचेची मर्यादा तीच. सिरॅमिकचा थर जास्त आच सोसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो.

धपाटं, धिरडं, थालीपीठ यांना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा घ्या. आठवडी बाजारात घेताना बोटाने वाजवून बघा. आवाज बद्द आला तर तडा असू शकतो. पांढरं फडकं घासा, काळा रंग सुटला तर घेऊ नका. नवा तवा साबणाने खसखसून धुवा, आचेवर कोरडा करा, करडईचं तेल लावा आणि तेवढंच पुसून काढा. धूर निघून थांबेपर्यंत तापवा, थंड करा. असं चार-पाचदा. तेल जास्त झालं की तवा चिकट होतो; सगळ्यात जास्त तवे इथंच बिघडतात. जवसाच्या तेलाचा थर कडक बसतो, पण त्याचे पापुद्रे निघतात. पहिलं धिरडं चिकटलं तर तवा पुरता तापलेला नाही.

गरम बिडावर गार पाणी ओतलं की ते तडकतं. चिंच-टोमॅटोचं त्यात शिजवू नका: तेलाचा थर जातो, पदार्थ काळा पडतो. त्याला स्टीलची कढई बरी.

रोजच्या भाकरीला मात्र पातळ लोखंडी तवाच. बीड उशिरा तापतं आणि आच कमी केली तरी लवकर निवत नाही, म्हणून शेवटच्या भाकरी करपतात. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर लोखंडाच्या भांड्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

जुना नॉनस्टिक आमलेटपुरता ठेवा: मंद आच, तेल घालूनच गॅस पेटवायचा, उलथनं लाकडी.